वरचा सा

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

कंपनीकडून दर वर्षी एक जाडजूड डायरी मिळते आणि ती कपाटात पडून राहते. या वर्षी बाहेर काढली, कारण डॉक्टर म्हणाल्या की कानाचं रोज थोडं लिहून ठेवा. जयवंती म्हणाली, "माझा कान, मला माहीत आहे. तुम्हाला हवं तर तुम्ही लिहा." म्हणून मी लिहितो आहे. बायकोच्या कानाची डायरी नवऱ्यानं लिहायची, हेही आमच्याकडेच व्हायचं होतं.

झालं ते असं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ती उठली तीच उजव्या कानावर तळहात आपटत. पाणी गेलंय म्हणाली. दुपारपर्यंत त्या कानानं काहीच ऐकू येईना. त्याच संध्याकाळी डॉ. जयलक्ष्मींकडे गेलो. हे मुद्दाम लिहितो, कारण जो तो विचारतो, वेळेत नेलं होतं ना? नेलं होतं. गोळ्या झाल्या, पडद्यातून आत इंजेक्शनं झाली. आता ऐकू येतं, बरंचसं. हुणसूर रस्त्यावरचे हॉर्न, कुकरच्या शिट्ट्या, माझी बडबड, सगळं. आम्ही देवापुढे साखर ठेवली.

आज ती आजारानंतर पहिल्यांदा पेटीपुढे बसली. भाता उघडला, सा दाबला आणि चटका बसावा तसं बोट उचललं. पुन्हा दाबला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, दोन वाजतायत."

मी म्हटलं, "एकच पट्टी दाबली आहेस."

"हौदु हो, एकच दाबली. दोन वाजतायत."

तिनं पेटीवर कापड घातलं आणि भाजी चिरायला गेली. रोज संध्याकाळी आमच्या घरात गाणं असतं. लग्नाला वीस वर्षं झाली, ही वेळ मी एवढी शांत कधी ऐकलेली नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

डॉ. जयलक्ष्मींनी आज तपासून सांगितलं. डाव्या कानाला सूर जिथं आहे तिथंच ऐकू येतो, उजव्याला तोच सूर थोडा चढा. बोलण्यात ते कळत नाही. गाण्यात कळतं.

मी विचारलं, यावर चष्म्यासारखं काही नसतं का? त्या म्हणाल्या, नसतं. काही जणांचं हळूहळू जुळतं, काही जणांचं नाही.

गाडीत बसल्यावर जयवंती म्हणाली, "काही जणांचं म्हणजे किती जणांचं हो?"

"बहुतेकांचं," मी म्हणालो. डॉक्टर असं म्हणाल्या नव्हत्या. पण मला तेवढं म्हणायला काय हरकत आहे?

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. गेली तीसेक वर्षं ही बाई गाते आहे. तिचं माहेर चार पिढ्या इथलंच, म्हैसूरचं, घरात मराठी, दारात कानडी, आणि गाणं हिंदुस्तानी, धारवाडहून येणाऱ्या बुवांकडे शिकलेलं. सासऱ्यांना गाण्याबजावण्याच्या मिरजेचा जावई मिळाला म्हणून कोण आनंद झाला होता. पुढे कळलं की जावयाला भूप आणि देसकार हे दोन राग एकच वाटतात. पण ऐकतो मी रोज. ताल चुकवत का होईना, मान हलवतो.

९ फेब्रुवारी, रविवार

सुचलं! शुक्रवारच्या मीटिंगमध्ये सुचलं, ट्रकच्या फेऱ्यांवर चर्चा चालू असताना.

पेटीचे बारा सूर म्हणजे मुळातच तडजोड असते. सा आणि त्याच्या बरोबर दुप्पट कंपनांचा वरचा सा, एवढं पक्कं. मधल्या अकरांना बसवायचं तर सगळे एकदम शुद्ध बसत नाहीत. एकाला नीट बसवलं की दुसरा कुठंतरी खटकतो. बाजारातल्या साध्या पेटीत प्रत्येकाला थोडं थोडं चुकवलेलं असतं. गांधार ट्यूनिंगची पेटी असेल, जशी जयवंतीची आहे, तर एकाच सा ला धरून बाकीचे गोड करून घेतलेले असतात. म्हणजे प्रश्न एवढाच की चूक कुणाच्या वाट्याला किती द्यायची. आणि मी वीस वर्षं दुसरं काय करतो? कुठल्या गोदामाला किती उशीर चालेल हे ठरवून एकूण त्रास कमीत कमी करायचा. काही अटी पाळायच्या, बाकीचं हलवायचं.

इथं अट एकच. सप्तक शुद्ध. सा तो सा, त्यात केसाचाही फरक करायचा नाही, कारण ते हललं की मग सगळंच हललं. बाकीचे अकरा जयवंतीच्या दोन कानांना मिळून कमीत कमी टोचतील अशा जागा शोधायच्या. चष्मा नसेल तर मी करतो चष्मा.

जयवंतीला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला एवढं हुशार कुणी केलं?" पण हसली. या महिन्यात पहिल्यांदा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पहिली बैठक झाली. लॅपटॉपवर दोन-दोन सूर वाजवायचे, तिनं पाचपैकी गुण द्यायचे आणि कुठला किती चढा लागतो तेही सांगायचं. गुण फार वाईट. गांधाराला एक, पंचमाला एक, धैवताला शून्य. हरकत नाही, सुरुवात अशीच असते.

एक अडचण आली. सा आणि वरचा सा वाजवला की ती म्हणते, "हा तो नाही. हा चढलाय, अर्धा सूर तरी." मी समजावलं की तो बदलत नाही, तो दुप्पटच आहे, मशीनवर मोजलेला आहे. ती म्हणाली, "मशीनचं राहू द्या. मला जे ऐकू येतं ते सांगू की नको?" मी म्हटलं, बाकीच्यांचं सांग.

वरच्या सा बद्दलच्या तिच्या नोंदी मी गणितातून काढून टाकल्या. त्या ठेवल्या तर गणितच सुटत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

भांडण झालं. मी गांधार जरा इकडे, जरा तिकडे असं करून विचारत होतो, लागलं का, आता लागलं का. बऱ्याच वेळानं तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "साकु. पुरे. डोकं दुखतंय."

मी म्हटलं, अजून चार जोड्या राहिल्या आहेत.

"तुमच्या चार जोड्या तुम्ही ऐका."

ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी आत आकडे बघत बसलो. राग आला होता, खोटं का लिहू. मी कुणासाठी करतोय हे? शनिवार-रविवार सगळे इथंच चाललेत. माणूस बरं व्हायचं म्हणतो तर त्यानं थोडं सहन करायला नको?

नंतर मी चहा करून नेला. तिनं कप घेतला आणि म्हणाली, "तुमचं तोंड असं करू नका हो. उद्या बसते मी."

२ मार्च, रविवार

काय सांगू! गुण वाढताहेत. मागच्या रविवारी तीनवर आले, काल चार, आज गांधाराला पाच, पंचमाला पाच, धैवताला साडेचार. तेही पटापट. पूर्वी ती डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून ऐकायची. आता मी वाजवतो न वाजवतो तोच म्हणते, "हां, लागलं." कान तयार होतोय, हेच त्याचं कारण. डॉक्टर म्हणाल्या होत्या ना, काही जणांचं हळूहळू जुळतं.

ऑफिसात कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, पण काय सांगणार? बायकोचा धैवत साडेचारवर आलाय म्हणून?

संकर्षणचा फोन आला होता. जयवंतीचा धाकटा भाऊ. रामनवमीला त्यांच्याकडे, चामराजपुरमला, संध्याकाळी सेवा असते आणि पानक-कोसंबरीच्या प्रसादाआधी जयवंतीचं गाणं असतं. आजोबांच्या वेळेपासून घरातलं कुणीतरी गातं, ती पंधरा वर्षं गाते आहे. तो भीतभीत विचारत होता, "भावोजी, अक्काला जमेल का? नाहीतर कुणाला तरी सांगतो." मी म्हटलं, कुणाला सांगू नकोस. अक्काच गाईल.

फोन ठेवला तेव्हा जयवंती दारात उभी होती. "मला विचारायचं तरी," म्हणाली. मी तिला आजचे गुण दाखवले. तिनं ते पाहिले आणि म्हणाली, "बरं."

८ मार्च, शनिवार

आता लॅपटॉपवरून पेटीवर यायचं. पेटीचे रीड म्हणजे पितळेच्या जिभा. टोकाशी घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. घासलेलं पितळ परत येत नाही, एवढीच गोम.

लष्कर मोहल्ल्यात तिरुमलरावांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. त्यांना माझे आकडे दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाले, "सार, हे करून दिलं तर लोक म्हणतील तिरुमलरावला कान नाही." काम घेत नाही म्हणाले. मी कारण सांगितलं, तर जरा थांबून त्यांनी मोडक्या पेटीतले जुने रीड आणि एक बारीक कानस मला तशीच देऊन टाकली. मीच शिकतो मग. जुन्या रीडवर हात बसवतोय. दोन मोडले, तिसरा जमला.

जयवंतीला विचारलं, पेटी उघडू ना? ती तिच्या बुवांनी दिलेली पेटी आहे. बुवा गेले, त्यानंतर पेटीला दुसऱ्या कुणी हातही लावलेला नाही. म्हणून विचारलं.

ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. मग म्हणाली, "करा. तुम्ही एवढं केलंत, आता ते पण करा."

२३ मार्च, रविवार

दोन रविवार घासतोय. खर्ज आणि नर, रीडच्या दोन्ही ओळी. सप्तकं अगदी शुद्ध राखली. सा आणि वरचा सा एकदम दाबले तर जराही थरथर नाही, मशीनवर फरक शून्य. ते पाहताना मला इतकं बरं वाटलं की मी जयवंतीला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "छान."

बाकीचे सूर माझ्या कानाला विचित्र लागतात, हे कबूल करतो. पंचम ऐकून तर कसंतरीच होतं. पण ही पेटी माझ्या कानांसाठी नाही.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली, खालच्या मजल्यावरच्यांनी उगादीचं बेवु-बेल्ल, कडुनिंब आणि गूळ, दिलं. जेवणाआधी जयवंतीनं नव्यानं लावलेली पेटी पहिल्यांदा वाजवली. मी शेजारी बसलो होतो. भूपाचे पाच सूर सावकाश वर गेली, सावकाश खाली आली.

"लागलं का?"

"लागलं की."

"किती?"

"पाच."

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. श्रीखंडाची वाटी धुवायला एवढा वेळ का लागतो म्हणून मी आत डोकावलो, तर ती पाठमोरी उभी होती आणि वाटी ओट्यावर कोरडीच होती. काय करतेस विचारलं तर म्हणाली, "काही नाही, सुम्ने, उगीच उभी आहे. तुम्ही पानं घ्या." सणाचा स्वयंपाक, सकाळपासून उभी होती. दमली असेल.

पण आज मी फार आनंदात आहे. जन्मात पहिल्यांदा माझं गणित घरातल्या कुणाच्या कामाला आलं.

७ एप्रिल, सोमवार

काल रामनवमीची सेवा झाली. जयवंती गायली!

साथीला पेटीवर वर्षिणी होती. वर्षिणी बँकेत अधिकारी आहे, आठ वर्षं जयवंतीकडे शिकते, घरची कानडी. तिला मी गाडीतून जाताना नवं ट्यूनिंग समजावलं, पण ती जरा गप्पच होती. गाणं सुरू झाल्यावर दोन-चार मिनिटांत तिनं पेटीवरून हात काढला आणि नुसती मांडीवर ताल देत बसली. घाबरली बहुधा. तंबोऱ्याचं यंत्र चालू होतं, तेवढ्यावर निभावलं.

जयवंती डोळे मिटून गायली, उजव्या कानात बोट घालून. मोठे गवई बसतात तशी. सगळं खालच्या सुरांत. मधल्या पंचमाच्या वर गेलीच नाही. एरवी तिच्या वरच्या सा साठी संकर्षणच्या घरची मंडळी थांबून राहतात, ती लावते आणि तिथंच ठेवते, आणि बायका पदर डोळ्यांना लावतात. काल ते झालं नाही. वेळ कमी होता, आरतीची घाई होती, म्हणून आवरतं घेतलं असेल.

संकर्षण म्हणाला, "भावोजी, तुम्ही कमाल केलीत." मी पानकाचे दोन पेले प्यालो.

परतताना जयवंती मागच्या सीटवर बसली. दमले म्हणाली.

१३ एप्रिल, रविवार

नीट लिहिता येतंय का बघतो.

सकाळी जयवंती बाजारात गेली होती. वर्षिणी तिची वही विसरली होती ती न्यायला आली. मी तिला म्हटलं, त्या दिवशी घाबरलीस वाटतं? ती उंबऱ्यातच उभी राहिली. मग कानडीत म्हणाली, "सर, मी घाबरले नव्हते. त्या पेटीबरोबर गाताच येत नाही. अक्कांना पण येत नाही. त्यांनी मला तुम्हाला सांगू नको म्हणून सांगितलंय."

मी म्हटलं, पण तिला तर ती बरोबर ऐकू येते.

वर्षिणीनं माझ्या हातातून वही घेतली. चपला घालून निघून गेली.

दुपारी मी जे केलं ते लिहायला लाज वाटते. जयवंतीला म्हटलं, एक शेवटची तपासणी. हेडफोन दिले. तिला वाटलं नवं ट्यूनिंग आहे. मी साधं बाजारातलं लावलं. "पाच," म्हणाली. मग मी वाटेल तसे आकडे टाकले, कुणाही माणसाला सहन होणार नाही असे. पंचम म्हणून कुठलातरी भलताच सूर. तो वाजला तेव्हा तिचे खांदे वर गेले, मी पाहिलं. तरी म्हणाली, "लागलं. पाच."

मी लॅपटॉप बंद केला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं.

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी होती. दिवसभर घरातच.

मी विचारलं, "केव्हापासून?"

"ते भांडण झालं ना, त्याच्यानंतर."

म्हणजे सगळंच. फेब्रुवारीतल्या त्या शनिवारनंतरचे सगळे गुण. त्या गुणांवर मी तिच्या बुवांची पेटी घासली.

"मला सांगायचं नाही का, जयवंती? पेटी उघडण्याआधी तरी?"

"कसं सांगणार?" ती म्हणाली. "तुम्ही ऑफिसातून आले की बूट काढायच्या आधी लॅपटॉप काढत होता. एक वाईट बोलले की तुमचं तोंड उतरायचं, आणि मग तुम्ही परत सुरू. पाच म्हटलं की लवकर संपायचं. तुम्ही हसत पण होता. घरात एक माणूस तरी हसत होतं ना."

"आणि पेटी?"

"पेटीचं काय. मला ती साधी असताना पण दोनच ऐकू येत होती. घासल्यावर पण दोनच. माझ्यासाठी काय बिघडलं त्यात?" असं म्हणाली खरी, पण पेटीकडे बघितलं नाही.

मी म्हटलं, मला वाटलं तुला गाता येईल. ती म्हणाली, "मला पण आधी वाटलं होतं. पहिल्या दिवशी मी सांगितलं तुम्हाला, वरचा सा गेलाय. तुम्ही म्हणाला ते बदलत नाही, बाकीचं सांग. बाकीचं काय सांगू? त्याच्यावर तर सगळं उभं होतं."

 पन्नाशीचा माणूस, ताटलीतल्या पोह्यांकडे बघत बसलो.

२० एप्रिल, रविवार

पेटी घेऊन तिरुमलरावांकडे गेलो होतो. नवे रीड बसवता येतील म्हणाले, वाजेल चांगली, पण जुना आवाज येणार नाही. जयवंतीला विचारून सांगतो म्हटलं. ती म्हणाली, बसवून घ्या आणि वर्षिणीला द्या. वर्षिणीला तिनं फोन करून दुसऱ्या बाईंचं नाव सांगितलं, हिंदुस्तानीच शिकवतात म्हणे, कुवेंपुनगरला. दोघी फोनवर बराच वेळ कानडीत बोलत होत्या. जयवंती तिला समजावत होती आणि पलीकडे वर्षिणी रडत असावी.

डॉ. जयलक्ष्मींना मीच फोन केला होता. तीन महिने झाले, आता फार फरक पडेल असं नाही, म्हणाल्या. यावेळी मी जयवंतीला जसंच्या तसं सांगितलं. तिनं मान हलवली.

२४ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी घरी आलो तर जयवंती संकर्षणकडे गेलेली. मी लॅपटॉप उघडला. गणित करायला नव्हे.

भांडणाच्या आधीच्या, म्हणजे खऱ्या, नोंदी काढल्या. वरच्या सा च्यासुद्धा, ज्या मी टाकून दिल्या होत्या. त्यावरून कळतं की तिचा उजवा कान कुठल्या सुराला किती चढवतो. खाली थोडं, वर जाईल तसं जास्त. मग मागच्या वर्षीच्या रामनवमीचं तिचं गाणं घेतलं. डाव्या बाजूला ते जसंच्या तसं ठेवलं आणि उजव्या बाजूला तिच्या कानासारखं चढवलं. हेडफोन लावले.

तो जयवंतीचा आवाज होता आणि नव्हता. तीच, आणि तिच्या मागोमाग कुणीतरी तिची नक्कल करत, मुद्दाम जरा चुकवून. तंबोरासुद्धा तसाच. कुठं टेकायला जागा नाही. आलाप वर चढायला लागला तसे ते दोघं लांब लांब जायला लागले. मी हेडफोन काढले.

मला वाटत होतं तिला कमी ऐकू येतं. एवढे दिवस मला तेच वाटत होतं.

२७ एप्रिल, रविवार

दुपारी ती शेंगा सोलत बसली होती तेव्हा सांगितलं. काय केलं, कसं केलं, सगळं.

ती सोलायची थांबली. "किती वेळ ऐकलंत?"

"एक मिनिट. त्याहून थोडं कमीच."

"मग?"

"मग काढले हेडफोन."

तिनं दोन-तीन शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "मला काढता येत नाही हो."

बाहेर कुणाचा तरी टेम्पो मागे घेत होते, त्याचा भोंगा वाजत होता. तो थांबेपर्यंत मी टरफलं गोळा करत बसलो.

"आणा ते," ती म्हणाली. "लावा. आता सगळं ऐका. मी बसते इथं."

मी हेडफोन लावले. ती शेंगांचं ताट बाजूला सारून माझ्याजवळ सरकली. तिला काहीच ऐकू येत नव्हतं, ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. माझा हात तिनं मांडीवर घेतला आणि त्याच्यावर ताल धरला. एकदाही चुकली नाही. कुठं अंतरा येतो, कुठं ती श्वास घेते, तिला सगळं पाठ होतं. मध्ये एकदा मला वाटलं आता नको, हात हेडफोनकडे गेला, तेव्हा तिनं माझी बोटं घट्ट धरली. मी ऐकत राहिलो. मग तिनं ताल थांबवला आणि माझ्याकडे टक लावून बघायला लागली, आणि मला कळलं की आता वरचा सा येणार. तो आला. तिनं तो लावला, तिथंच ठेवला, खूप वेळ ठेवला. मी डोळे मिटले नाहीत, तिच्याकडेच बघत राहिलो.

संपल्यावर मी हेडफोन काढले. माझा सदरा भिजला होता.

"वरच्या सा ला काय होतं?" तिनं विचारलं.

"दोन होतात."

"आणि?"

"आणि त्यातला कुठलाच तुझा नसतो."

"हां," ती म्हणाली. "हेच. हेच होतं हो."

मग ती रडली. कान बिघडल्यापासून माझ्यासमोर पहिल्यांदाच. मी तिला काहीही विचारलं नाही.